भाव वाचताना

आज फुटबॉल आणि टेनिसवरच्या पैजांचे भाव दिवसभर समोर उघडे होते. भाव म्हणजे पैज जिंकली तर लावलेल्या एका रुपयामागे एकूण किती रुपये हातात येतात तो आकडा. पैज लावणारे बहुतेक लोक 'कोण जिंकणार' इथूनच सुरू करतात. आधी भागाकार करा. १ ला भावाने भागलं की बुकीने धरलेली शक्यता निघते. फुटबॉलमध्ये यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६० असे भाव असतील तर ४७.६, २९.४ आणि २७.८ टक्के. बेरीज १०४.८. शंभरावरचे ४.८ म्हणजे बुकीचा गाळा, म्हणजे त्याचा नफा, आणि तो तुमच्याच खिशातून जातो.

टेनिसमध्ये दोनच निकाल, त्यामुळे हिशेब सोपा. दोन्हीकडे १.९१ असेल तर नुसतं ना नफा ना तोटा असं सुटायलाही शंभरातल्या ५२-५३ पैजा जिंकाव्या लागतात. खेळाडू दुखापतीने मधेच बाहेर पडला तर पैज रद्द की हरलेली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. नियम आधी वाचा. फुटबॉलच्या साध्या निकालात ९० मिनिटं आणि भरपाईचा वेळच धरतात, त्यानंतरच्या जादा वेळेतला गोल नाही. भांडणं इथेच होतात.

सगळ्यात वाईट प्रकार चार सामने एकत्र बांधण्याचा, म्हणजे चारही जिंकले तरच पैसे. अगदी निम्मी-निम्मी शक्यता असलेल्या चार पैजा १.९१ ने जोडल्या तर १३.३ पट मिळतात, मिळायला हवेत १६ पट. म्हणजे थेट १७ टक्के कमी! तरी जाहिरात याचीच जास्त, उगाच नाही.

रक्कम म्हणाल तर बुडाली तरी चालेल एवढीच बाजूला काढा, एका पैजेला तिचा १-२ टक्का. हरल्यावर दुप्पट लावणं बंद. कायदा परवानगी देत नसेल तिथे हा हिशेब कागदावरच ठेवा.