कॅनच्या पत्र्याचे पुस मॉथ

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ज्या पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, त्याची लहानशी प्रतिकृती शीतपेयांच्या रिकाम्या कॅनपासून करण्यात आजचा रविवार गेला. कॅनचा पत्रा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे तो साध्या कात्रीने कापला जातो. मात्र कापलेली कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून ती आत दुमडून चमच्याच्या पाठीने दाबून बसवावी लागते. सकाळी डाव्या पंखाची दुमड किंचित तिरकी वाटली, म्हणून मी ती उलगडून पुन्हा दुमडली आणि पत्रा नेमका त्याच रेषेवर चिरला. ॲल्युमिनियम वाकवलेल्या जागी कडक होते, हे ठाऊक असूनही घाई नडली, याची फार हळहळ वाटली. दुसरा पंख कापताना मात्र कॅनची उंची पंखाच्या लांबीकडे ठेवून पत्र्याची मूळची गोलाई मुद्दाम राखली, तेव्हा खऱ्या पंखाला असतो तसा वरचा फुगीर बाक त्याला आपसूक मिळाला. संध्याकाळी केबिनच्या माथ्यावर दोन्ही पंख बसवले आणि खालून तिरके आधार जोडले. विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा अजून व्हायचा आहे. त्यासाठी एक कॅन धुऊन वाळत ठेवला आहे.