फाल्दाचं फ्रास्काती: आता पाण्याची पाळी

एका जुन्या एचिंगची (पत्र्यावर रसायनाने रेषा खोदून छापलेल्या चित्राची) नक्कल करतोय. तांब्याच्या पत्र्यावर ग्राउंड, म्हणजे रसायनाला अडवणारा थर, चढवून झालं, ट्रेसिंग उलटं करून उतरवलं, आता सुई चालू आहे. नमुना सतराव्या शतकातला इटालियन चित्रकोरक जोवान्नी बात्तिस्ता फाल्दाच्या रोमच्या कारंज्यांच्या मालिकेतला: रोमजवळच्या फ्रास्कातीच्या व्हिला आल्दोब्रांदिनीचं जलनाट्यगृह, म्हणजे कारंजी आणि पुतळ्यांनी सजवलेली बागेतली अर्धवर्तुळाकार भिंत. मालिका १६७५ च्या सुमाराची, प्रकाशक जोवान्नी जाकोमो दे रोसी. फाल्दा १६७८ मध्ये पस्तिशीतच गेला. याच मालिकेतली तिवोलीची कारंजी व्हेंतुरिनी या दुसऱ्या कलाकाराने कोरली.

अख्खी भिंत घेतलेली नाही. फक्त मधली कमान, पृथ्वीचा गोल पेलणारा अ‍ॅटलस आणि त्याच्यावर कोसळणारं पाणी.

फाल्दाचं मूळ चित्र भिंगाखाली पाहिलं तर त्या पाण्यात रेषा जवळजवळ नाहीतच. कमानीतली सावली रेषांनी गच्च भरलेली, ती धारेच्या कडेशी येऊन थांबते. मधे उरलेला कोरा कागद म्हणजे धार. म्हणून सगळी मेहनत सावलीवर चाललीय. कड जरा जास्त सरळ आली की पाण्याची काचेची कांडी होते, म्हणून रेषा मुद्दाम मागेपुढे तोडतोय. आभाळात उडणाऱ्या कारंज्यांचं मात्र उलट: मागे अंधार नाही, त्यामुळे तिथे बारीक, तुटक रेषा द्याव्याच लागतात.

फेरिक क्लोराईडमध्ये (तांबं खाणारं द्रावण; जास्त वेळ, तितकी रेष काळी) प्लेट टप्प्याटप्प्याने घालणार. प्लेट लवकर बाहेर काढून टेकडीवरची झाडं व्हार्निशने झाकायची, कमानीचा अंधार सर्वांत शेवटी. टप्प्यांची ही युक्ती फ्रेंच कलाकार झाक कालोने गाजवली आणि अब्राहम बोसने १६४५ च्या आपल्या पुस्तकात एचिंगची सगळी रीत लिहून ठेवली. कालोची तिरप्या टोकाची सुई, एशोप, मात्र मला जमेना. रेषा जाड-बारीक करायला साधी सुईच दोनदा फिरवतो.

माणसं अजून बाकी आहेत. फाल्दा ती इतकी चिमुकली काढतो की बाग आहे त्याहून अवाढव्य दिसते. सरळसरळ मालकाची खुशामत, पण मला आवडते. याच व्हिलात १६४५ मध्ये इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिनने हवेच्या झोतावर नाचणारा तांब्याचा गोळा पाहिला होता आणि बेसावध पाहुण्यांना भिजवणाऱ्या छुप्या पिचकाऱ्याही. कोपऱ्यात एक भिजलेला पाहुणा घालायचा मोह होतोय, पण नक्कल ती नक्कल.

पुढचं काम पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई. कागद आदल्या रात्री ओलवून ठेवीन. शाई काळीच, पण किंचित तपकिरी मिसळून. कमानीतल्या रेषा एकमेकींत फुटल्या नाहीत तर फोटो टाकतो.