पत्ते विकले, फासे ठेवले: मराठीतून डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवण्याचा माझा अनुभव

आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती दर दुसऱ्या शनिवारी रात्री पाचजण बसतात. मी, बायको, मावसभाऊ, ऑफिसातला एक मित्र आणि अकरावीतली भाची. ताटं उचलली की फासे निघतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे गप्पांतून रचत जायची गोष्ट: प्रत्येकजण एक पात्र होतो, ते काय करतंय ते सांगतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. तो आम्ही मराठीतून खेळतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी असतो. हे जमायला मला जवळजवळ वर्ष लागलं. कुणाला असंच सुरू करायचं असेल तर माझं काय चुकलं आणि काय जमलं ते उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी या छंदात शिरलो ते पत्त्यांच्या वाटेने. २०१६ साली मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा 'कलादेश' हा संच आला. भारतावरून सुचलेलं जग, पितळी यंत्रं, नक्षीकाम, आणि एका पानावर चक्क रश्मी नावाची एल्फ. ते नाव वाचून मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. (२०२५ साली त्या जगाचं नाव बदलून 'आविष्कार' झालं. मला ते जास्त आवडतं.) रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली हा खेळ आणला आणि माझ्या मते त्याइतकी सुरेख रचना फार थोड्या खेळांची आहे. पाच रंग, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. साठ पानांचा डाव आपण स्वतः जुळवायचा, साध्या जमिनी (बाकीची पानं खेळायला बळ पुरवणारी पानं) सोडल्या तर एक पान चारपेक्षा जास्त नाही. साठात साधारण चोवीस जमिनी ठेवल्या तर पहिल्या सात पानांत सरासरी तीनला थोड्या कमी येतात, आणि त्या 'थोड्या कमी'वर अख्खा डाव हलतो. मेंढीकोट खेळून वाढलेल्या माणसाला पानं पडणं-न पडणं कळतं. इथे ती पडावीत याची तजवीज आदल्या रात्री घरी बसून करता येते, आणि मला तेच फार भावलं.

पण पानं मिळतात ती बंद पाकिटांतून. तेव्हा एका पाकिटात, म्हणजे बूस्टरमध्ये, पंधरा पानं असत, त्यातलं दुर्मिळ एक, आणि त्याहून दुर्मिळ, ज्याला 'मिथिक' म्हणतात, ते साधारण आठ पाकिटांतून एकदा. मी तीन वर्षं पाकिटं फोडली. पगार झाला की फोडायची. याबद्दल माझं मत आता पक्कं आहे: हव्या त्या पानासाठी पाकीट घेणं म्हणजे लॉटरीचं तिकीट घेणं, आणि शाळकरी मुलांना तर ही सवय लावूच नये. पाकिटाला अर्थ येतो तो ड्राफ्टमध्ये. आठजण बसतात, प्रत्येकाकडे तीन पाकिटं. एक पान उचलायचं, उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची, आणि हाती आलेल्यातून चाळीस पानांचा डाव जुळवायचा. तिथे कुणाचा खिसा किती खोल आहे हे दिसत नाही. मग मी सरळ साध्या, कॉमन पानांचा ३६० पानांचा क्यूब, म्हणजे ड्राफ्टसाठी स्वतः निवडलेला कायमचा संच, जमवला. आठ माणसं, प्रत्येकी पंचेचाळीस पानं, हिशेब बरोबर. पुन्हा पुन्हा तोच खेळायचा, नवीन काही घ्यायचं नाही. बाकीचा साठा विकून टाकला. त्यातून वीस बाजूंचे फासे आणि नियमांची पुस्तकं आली.

आता फाशांबद्दल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा. सैनिकी डावपेचांच्या खेळांतून तो निघाला, आणि ते मूळ अजून नियमांत दिसतं: लढाईवर पानंच्या पानं, बोलण्यावर थोडं. मी नवशिका होतो, पुस्तकात जे जास्त आहे तेच महत्त्वाचं असणार असं समजून चाललो. पहिली तीन सत्रं मी इंग्रजीतून घेतली. वर्णनं वाचून दाखवली. एका किरकोळ चकमकीला दीड तास लागला. चौघंही उत्तरं अशी देत होते जशी बँकेतला फॉर्म भरताहेत: मी हल्ला करतो, मी दार उघडते, मी थांबतो. बायको घरी अखंड बोलते, नाटकं बघून आली की संवादांसकट नक्कल करते. टेबलावर ती तीन-तीन शब्दांत बोलत होती.

तिसऱ्या सत्रात सगळं अडलंच. एका पडक्या बारवेत चोरवाट होती, ती सापडल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नव्हती. शोधायला मी वीस बाजूंचा फासा टाकायला लावला, पंधराची अट ठेवली. पुस्तकात पंधरा म्हणजे 'मध्यम' अवघड. पण ज्याच्या पात्राच्या गुणामुळे फाशावरच्या आकड्यात तीन मिळवता येतात त्यालाही बारा किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळाच जमणार. चौघांचेही फासे कमी पडले. वाट सापडली नाही, आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. तिथून मी एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही: ज्याच्यावाचून गोष्ट थांबेल ते फाशाच्या मागे लपवायचं नाही. आणि प्रत्येक रहस्याला तीन वेगळे माग ठेवायचे, कारण खेळणाऱ्यांना त्यातले दोन हमखास दिसत नाहीत.

भाषा बदलायचं मावसभावाने सुचवलं. त्याचं आणि माझं आजोळ एकच, कुडाळच्या बाजूला. लहानपणी जत्रेत रात्र रात्र दशावतार बघितलेला. तिथे नटांना संहिता नसते. कथानक काय ते खेळाआधी ठरतं, आणि मग राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून ऐन वेळी बोलतात, भांडतात, लोकांकडे बघून शब्द फिरवतात. तो म्हणाला, "अरे, आपण लहानपणापासून हेच बघत आलोय. तू वाचून कशाला दाखवतोस?" मला हे स्वतःहून सुचायला हवं होतं.

मी आधी दोन पानांची मराठी चिठ्ठी केली. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले आहेत, त्यामुळे श्रेय देऊन भाषांतर करायला कुणाची आडकाठी नाही. पात्राच्या सहा गुणांना शब्द शोधण्यात दोन आठवडे गेले. ताकद, चपळाई, बुद्धी लगेच झाले. कॉन्स्टिट्यूशनला कुणी 'प्रकृती' सुचवलं, पण 'दम' ठेवला, कारण "तुझ्यात दम किती?" असं टेबलावर सहज विचारता येतं. विझडमला 'जाण'. करिश्माला 'छाप', कारण ती पडते किंवा पडत नाही. हिट पॉइंट्सचं, म्हणजे पात्र किती मार सोसेल त्या आकड्याचं, 'जीव' झालं आणि पहिल्याच रात्री भाची ओरडली, "मामा, माझा दोनच जीव उरलाय!" सेव्हिंग थ्रोला, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला, आधी 'वाच' म्हणत होतो, तर मित्र प्रत्येक वेळी काहीतरी वाचायला कागद उचलायचा. मग 'सावर' केलं. लेव्हलला लेव्हलच ठेवलं. ज्या शब्दाने कुणी अडखळत नाही तो बदलू नये.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली जी इंग्रजीत मला कधीच दिसली नसती. इंग्रजीत समोरचा कुणीही असला तरी 'यू'. मराठीत माझ्या पात्राने तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं: तू, तुम्ही की आपण? सराईचा मालक मित्राच्या योद्ध्याला "या, बसा" म्हणाला आणि भाचीच्या गुरवाच्या पोरीला "तू तिकडे ओट्यावर बस". मी काही योजून केलं नव्हतं, तोंडातून गेलं. भाचीने तिथल्या तिथे भांडण काढलं. अर्धा तास चाललं, एकही फासा पडला नाही, आणि बायको खेळत होती त्या म्हातारीने मध्ये पडून मालकाची अशी काही खरडपट्टी काढली की शेजारच्यांनी दार वाजवलं. गाव, त्यातली माणसं, कोण कुणाला भितो, सगळं त्या अर्ध्या तासात उभं राहिलं. पुस्तकातून दहा पानं वर्णन वाचून ते झालं नसतं. मॅजिकच्या पानावर त्याचं बळ छापलेलं असतं, तेवढंच ते असतं. इथे भाचीच्या कागदावर 'छाप' उणे एक होती.

त्यानंतर मी पुस्तकातली गॉब्लिन आणि ट्रोल ही परदेशी भुतं बाजूला ठेवली. पिंपळावर मुंजा आला, खाडीत गिऱ्हा आला. यांना वेगळे आकडे बनवावे लागत नाहीत, पुस्तकातल्या एखाद्या जनावराचे घ्यायचे आणि स्वभाव आपला द्यायचा. एकच प्राणी मात्र मी पुस्तकातला जसाच्या तसा घेतला: राक्षस. या खेळात तो १९७०च्या दशकापासून आहे. वाघाचं डोकं, उंची कपडे, आणि हाताचे तळवे उलटे, म्हणजे आपल्या हाताची मागची बाजू असते तिथे त्याचा तळवा. तो रूप पालटतो, दुसऱ्याच्या मनातलं वाचतो. रावणाशी याचा फारसा संबंध नाही, आणि आधी मला ते खटकलं. पण उलट्या पायांची हडळ ऐकत मोठे झालेलो आम्ही. उलटे हात आम्हाला परके वाटणार नव्हते.

त्याचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो लढायला किती अवघड याचा आकडा, तेरा. आमची पात्रं तिसऱ्या लेव्हलची. लढले असते तर दोन फेऱ्यांत संपले असते, म्हणून लढाई ठेवलीच नाही. त्याला ओळखायचं आणि पहाटेपर्यंत जिवंत राहायचं, एवढाच खेळ. तो गावचा खोत होऊन बसला होता. नियमाप्रमाणे तीन माग ठेवले. एक, वाड्याजवळ कुत्री फिरकत नाहीत. दोन, खोत कधी स्वतःच्या हाताने कुणाला काही देत-घेत नाही, सगळं गडी करतात. तीन, तो गड्यालाही "अहो" म्हणतो, कारण माणसांची बोली तो ऐकून शिकलाय आणि कुणाला काय म्हणायचं हे त्याला नीट कळलेलं नाही.

कुत्र्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसरा माग मावसभावाने पकडला. तो जेवता जेवता एकदम थांबला आणि म्हणाला, "खोत गड्याला अहो म्हणतो? हा खोत नाही." पण पुरावा नव्हता. गाव खोताच्या बाजूने. मित्र म्हणाला तलवार काढू, बायको म्हणाली पळू. मी दोन्हीची तयारी ठेवली होती, आकडे लिहून ठेवले होते.

भाची बराच वेळ काही बोलली नव्हती. तिने चौकशी केली, "मामा, मी देवळातून आलेय ना? माझ्याकडे तीर्थ असेल?" असेल, म्हटलं. गुरवाच्या मुलीकडे नसेल तर कुणाकडे असेल. मग ती खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली, पाण्याच्या पेल्यातला चमचा घेतला आणि म्हणाली, "खोतांनू, देवाचं तीर्थ घ्या."

माझा उजवा हात आपोआप पुढे आला, तळवा वर, जसा आपल्या सगळ्यांचा येतो. मी तो तसाच धरला, आणि मग सावकाश उपडा केला.