कोपरापर्यंत बाही

रविवारी दुपारी हौदात तांब्या पडला. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे हौद म्हणजे घरातलं देवघरच. हात घालायचा तरी साबणानं धुऊन. धुतला. वाकून पाहिलं, तर तांब्या हा इथं, हाताशीच. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात घातला. पाणी कोपर ओलांडून, दंड ओलांडून पार बगलेत शिरलं, तरी बोटं काही तांब्याला लागेनात.

"झाला का अंदाज?" बायको म्हणाली.

दहावीतली लेक पुढं झाली. "बाबा, ही भासमान खोली." तिच्या पुस्तकात या प्रकाराला अपवर्तन म्हणतात, आमच्या वेळी वक्रीभवन होतं. शब्द बदलला, शर्ट भिजायचा तो भिजतोच. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश पाण्यात किती पट मंदावतो तो आकडा, १.३३, म्हणून अगदी वरून सरळ पाहिलं तर खोली पाऊणच दिसते. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो, तोही पाऊणच. पाण्याबाहेर पडताना किरण वाकतो, डोळा मात्र तो सरळच आला असं धरून चालतो. तिरकं पाहिलं तर तळ आणखी वर येतो. मी तिरकंच पाहिलं होतं.

ती सांगत होती आणि मी केव्हाच मामाच्या विहिरीवर जाऊन बसलो होतो.

परभणीकडचं गाव, मे महिना. पाणी खाली गेलेलं, पण इतकं नितळ की तळातली खापरं मोजावीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी खालच्या पायरीवर भोकाड पसरलेलं. तळ हा काय दिसतोय, उडी मारली तर डोकंच फुटेल! मामा पाण्यातून ओरडायचा, "मार उडी! दीड परस दिसतंय, दोन परस हाय!" परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली.

मामा चौथीच्या पुढं गेला नव्हता. दोनाचे दीड म्हणजे पाऊणच की! हे त्याला शिकवलं गळाच्या दोरानं. घागर पडली की शेजारपाजारचे लोक मामाला बोलवायचे. काठावरून अंदाज घेऊन दोर बांधला तर हटकून तोकडा पडायचा, गळ घागरीच्या वरच लोंबकळायचा. म्हणून मामा दिसेल त्याच्यावर एक तृतीयांश दोर जास्तीचा धरी. अर्थात एक तृतीयांश हा शब्द माझा. तो म्हणायचा, "थोडा ढिला असू दे."

तेव्हापासून मला नितळ पाण्याचा भरवसा नाही. गढूळ पाण्यात तळच दिसत नाही, माणूस आपोआप थबकतो. नितळ पाणी मात्र गोड बोलून आत घेतं. पावसाळ्यानंतर परभणी जिल्ह्यातल्या वालूरची गोल फिरत उतरणारी बारव बघायला गेलो, तेव्हा बुडालेल्या पहिल्याच पायरीवर पाय टाकला आणि तो चार बोटं जास्तच खाली गेला. बरोबरचे हसले. पुढच्या पायरीला मी काठी टेकवली. काठीही पाण्यात मोडल्यासारखी दिसत होती, पण तळाला टेकल्याचं हाताला कळतं, एवढं पुरे.

तांब्या शेवटी सांडशीनं निघाला.

या मे महिन्यात मामाकडे गेलो होतो. शेताच्या बांधाला आता बोअर आहे, विहिरीवर कुणी फिरकत नाही. पायऱ्यांवर बाभळी उगवल्यात. वाकून पाहिलं, तर तळात भेगाळलेला गाळ आणि कुणीतरी फेकलेली चप्पल.

"मामा, किती परस?" मी सवयीनं विचारलं.

मामानं वाकूनही पाहिलं नाही.

"आता दिसती तेवढीच."