टबातला लॅरी

सुट्टी होती म्हणून दुपारी ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचचा ‘रिफ-रॅफ’ (१९९१) हा सिनेमा लावला. ग्लासगो-लिव्हरपूलची इंग्रजी, सबटायटल नसती तर माझं काही खरं नव्हतं! लंडनमधलं बंद पडलेलं हॉस्पिटल, त्याचे श्रीमंतांसाठी फ्लॅट करतायत. आणि बांधणारा नायक? रिकाम्या घरात घुसून राहतो. त्याच्यासोबत काम करणारा लॅरी नमुना फ्लॅटच्या टबात निवांत डुंबतोय आणि नेमक्या फ्लॅट बघायला आलेल्या बायका दार उघडतात. पोट धरून हसले. पण परांचीच्या सुरक्षेबद्दल बोलला म्हणून त्याचीच नोकरी जाते, आणि पुढे एक पोरगा वरून पडतोच. तो लॅरी, म्हणजे ते काम करणारा नट रिकी टॉमलिन्सन, मूळचा खराखुरा गिलावा करणारा. १९७२च्या बांधकाम संपापायी तुरुंगात गेला होता. कोर्टाने ती शिक्षा रद्द केली २०२१ मध्ये. शिक्षा झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी, बघा. चहा पार गार झाला माझा.