खणातली चिठ्ठी

"अगं, कुणाची तरी पत्रं राहिलीत इथे!" आई टेबलाचा खण उघडून उभी होती.

राहिली नव्हती, ठेवलेली होती. सडबरीच्या वेसाइड इनमध्ये ही जुनीच रीत आहे. मुक्कामाला आलेला माणूस चिठ्ठी लिहून खणात टाकून जातो, नंतरच्याने वाचायची. खण गच्च भरलेला. कुणाचा हनिमून, कुणाचा घटस्फोट, एका मुलाने फक्त नाश्त्याचं कौतुक केलेलं.

बॉस्टनहून तासाभरावर ही सराई. १७१६ पासूनची. १९२३ साली खुद्द हेन्री फोर्डने विकत घेतली होती, १९५५ च्या आगीत बरीचशी जळाली, पुन्हा उभी केली. हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होते. तिचं लक्ष खणातच.

"आपल्या नाशिकच्या उपाध्यांच्या वहीसारखंच की गं हे," ती म्हणाली. बाबांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा त्या वहीत पणजोबांची मोडीतली सही निघाली होती. आई तिच्यावरून बोट फिरवत बसली होती. मी तेव्हाही घाई करत होते.

सकाळी सामान गाडीत ठेवून वर आले, तर आई चष्मा लावून लिहीत बसलेली. मराठीत.

"आई, इथे मराठी कोण वाचणार?"

"म्हणून तर लिहितेय." कागदाची चार घड्यांची घडी करून तिने खणाच्या तळाशी सारली.

परतीच्या वाटेवर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने बाहेरची झाडं दाखवली.

तुमच्यापैकी कुणी तिकडे मुक्कामाला जाणार आहे का?