तांब्याची चकती

झटक्यात दाबल्यावर सिरॅमिक कसं फुटतं, हे पाहायला आज लॅबमध्ये पाच शॉट मारले, कामाचे दोनच निघाले.

नमुना म्हणजे अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकचा छोटासा दंडगोल, दिसायला अगदी खडूचा तुकडा. पण इतका कडक की ज्या दोन पोलादी दांड्यांमध्ये तो धरायचा, त्यांनाच खळी पाडेल, म्हणून दोन्हीकडे टंगस्टन कार्बाइडच्या चकत्या लावायच्या. दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या गॅस गनमधून ठोकळा सुटतो, दांडीवर आदळतो आणि दाबाची लाट पोलादातून सेकंदाला साधारण ५ किलोमीटर वेगाने नमुन्यावर येते. १९४९ साली कोल्स्की या शास्त्रज्ञाने मांडलेली ही पद्धत. शिंक यायच्या आत सगळं संपलेलं असतं.

गंमत अशी की हळू दाबलं तर सिरॅमिक लवकर हार मानतं; झटक्यात दाबलं तर जास्त ताण सोसतं. भेगांना पसरायला वेळच मिळत नाही ना! (सोमवारी सकाळी माझं नेमकं उलटं असतं.)

तिसऱ्या शॉटला ऑसिलोस्कोपवर (लाटेचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) लाट भिंतीसारखी उभी चढली. नमुन्यात ताण सारखा पसरायच्या आधीच तो एका टोकाकडून फुटला. डेटा कचऱ्यात. मी वायरी तपासत बसले, तर लॅबमधले काका शांतपणे मूठ उघडून म्हणाले, "मॅडम, ही राहिली."

लाट हळू चढवणारी तांब्याची चकती. लावायलाच विसरले होते.

मग ब्रश घेऊन पेटीतला नमुन्यांचा भुगा गोळा केला. संध्याकाळी कांजूरमार्गला लेडीज डब्यात शेजारच्या काकूंनी माझी ओढणी पाहून विचारलं, "शाळेत शिकवतेस का गं?"

हो म्हटलं.